शालेय नाटकाचे नेपथ्य

शालेय नाटकाचे नेपथ्य या संज्ञेत शाळेत बसविल्या जाणाऱ्या नाटकासाठी विद्यार्थ्यांनी तयार केलेला कपडेपट, रंगमंचावर हाताळायच्या वस्तू आणि मागील पडदे यांचा समावेश होतो. मराठी नाट्यव्यवहारात या वस्तूंना ‘प्रॉपर्टी’ आणि वेशभूषेच्या कपड्यांना ‘ड्रेपरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. वार्षिक स्नेहसंमेलन आणि राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे होणारी बालनाट्य स्पर्धा हे अशा निर्मितीचे प्रमुख प्रसंग होत. नाटकात भूमिका मोजक्याच मुलांना मिळतात. उरलेल्या वर्गाला नाटकात खरा वाटा मिळतो तो याच कामातून. म्हणून पोशाख भाड्याने आणले किंवा पडदा पालकांनीच रंगवून दिला, तर प्रयोग देखणा झाला तरी वर्गातील बहुसंख्य मुले प्रेक्षकच राहतात.

पूर्वपीठिका

भरताच्या नाट्यशास्त्रात वेश, अलंकार व रंगमंचीय वस्तू यांचा विचार ‘आहार्य अभिनय’ या नावाखाली केला आहे. त्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव असे चार भेद सांगितले आहेत. पुस्त म्हणजे पर्वत, रथ, शस्त्रे इत्यादींच्या कृत्रिम प्रतिकृती. खऱ्या धातूच्या जड वस्तूंनी नट थकतो, म्हणून त्या बांबू, कापड, लाख यांसारख्या हलक्या द्रव्यांच्या कराव्यात, हा त्यातील सल्ला पुठ्ठ्याची गदा करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही तसाच लागू पडतो.

आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ या नाटकाने झाला असे मानले जाते. पुढे संगीत नाटकांच्या काळात रंगविलेल्या पडद्यांना मोठे महत्त्व आले. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर यांची कीर्ती चित्रपटाआधी अशा पडद्यांमुळेच झाली होती. याउलट सिंधुदुर्ग व गोव्यातील दशावतारात एक पडदा आणि एक बाकडे एवढ्यावर राजसभेपासून रानापर्यंत सर्व स्थळे सूचित होतात. शाळांनी अनुकरण बहुधा पहिल्या परंपरेचे केले. त्यांच्या साधनांना दुसरी अधिक मानवली असती.

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिट्ल थिएटर’ने आणि नंतर रत्नाकर मतकरी यांच्या ‘बालनाट्य’ संस्थेने मुलांच्या नाटकाला स्वतंत्र दृश्यरूप दिले. मतकरी स्वतः चित्रकारही होते. ठाण्यात त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधील मुलांनी स्वतःचे विषय निवडून अत्यल्प साधनांत नाटके सादर केली.

कामाची आखणी

काम संहितेच्या वाचनापासून सुरू होते. प्रत्येक प्रवेशात कोणती वस्तू लागते, ती कोणाच्या हाती असते, कोणत्या बाजूने आत येते आणि कोठे उरते, याचा तक्ता विद्यार्थ्यांनीच करावयाचा असतो. त्यानंतर कपडेपट, प्रॉपर्टी व पडदा असे तीन गट पाडून प्रत्येक गटाला एक विद्यार्थी प्रमुख नेमतात. शिक्षकाने देखरेख ठेवावी. कात्री आपल्या हाती घेऊ नये, हे तत्त्व सांगायला सोपे व पाळायला अवघड आहे.

वेळेचे गणित शाळेच्या वर्षाशी बांधलेले असते. स्नेहसंमेलने बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात, तर दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत घरोघरी जुन्या साड्या, चादरी, खोकी आणि रद्दी बाहेर निघते. त्यामुळे साहित्याची यादी प्रथम सत्र संपण्याआधी घरी पोहोचली, तर खर्चाचा मोठा भाग वाचतो. प्रत्यक्ष निर्मितीस कार्यानुभव व कलाशिक्षणाच्या तासिका उपयोगी पडतात.

सर्वांत जास्त घोटाळा अखेरच्या आठवड्यात होतो. वस्तू रंगीत तालमीच्या दिवशी प्रथम हातात आल्यास तलवार म्यानात अडकते, मुखवट्यातून समोरचे दिसत नाही आणि आवाज दबतो. म्हणून पहिल्या तालमीपासून तात्पुरत्या बदली वस्तू वापरतात. काठी ही तलवार आणि उलटी बादली हे सिंहासन. विंगेत एका टेबलावर कागद पसरून त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून ठेवली, की न परतलेली वस्तू रिकाम्या रेषेवरून लगेच कळते. ज्याने वस्तू बनविली त्यालाच प्रयोगात ती सांभाळायला दिल्यास हे टेबल सहसा बिघडत नाही.

पडदा

मागील पडद्यासाठी मांजरपाट हे स्वस्त व रंग धरणारे कापड रूढ आहे. पडदा २४ फूट रुंद व १२ फूट उंच हवा असून कापडाचा पन्हा ३६ इंच असेल, तर १२ फुटी ८ उभ्या किंवा २४ फुटी ४ आडव्या पट्ट्या लागतात. दोन्ही रीतींत कापड ९६ फूटच लागते (शिलाईत जाणारे वेगळे). परंतु उभ्या मांडणीत ७ व आडव्या मांडणीत ३ शिवणी येतात. आडव्या शिवणी पडद्याच्या वजनाने ताणल्या जाऊन कमी दिसतात, म्हणून तीच रीत बरी. वरच्या नेफ्यात बांबू व खालच्या नेफ्यात काठी घातल्याने पडदा सरळ राहतो.

कोऱ्या कापडावर रंग शोषला जाऊन फुटतो, यासाठी आधी पातळ खळ देऊन ते वाळवितात. कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे. ते विषारी असल्याने मुलांच्या कामात वापरू नये. मूळ चित्र लहान कागदावर काढून त्यावर १ सेंटिमीटरचे चौकोन आखतात आणि पडद्यावर १ फुटाचे. २४ सेंटिमीटर रुंदीचे चित्र अशा रीतीने चौकोनागणिक मोठे होते आणि एकाच वेळी अनेक मुले निरनिराळ्या चौकोनांत काम करू शकतात. रंग सरसात कालविलेल्या पावडरीचा किंवा भिंतीच्या डिस्टेंपरचा असतो. लांबून पाहायचे चित्र असल्यामुळे बारीक तपशील वाया जातात. मुलांना ते पटवून देण्यासाठी त्यांना सभागृहाच्या शेवटच्या रांगेत नेऊन उभे करणे पुरते.

महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी थर्माकोलच्या वापरावर बंदी आली. तेव्हापासून किल्ले, झाडे इत्यादी कटआउटसाठी पुठ्ठा व बांबूच्या कामट्या यांचाच आधार उरला आहे. कापड व पुठ्ठा दोन्ही ज्वालाग्राही असल्याने ते तापणाऱ्या दिव्यांपासून दूर टांगावे लागतात.

मीरा-भाईंदर परिसर

ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे, मोर्वे ही जुनी गावे आहेत. शहरीकरणानंतरही येथील आगरी-कोळी वस्ती, मिठागरे आणि पुढे उत्तनची मासेमारी यांचा ठसा टिकून आहे. अशा ठिकाणी नेपथ्याचे साहित्य दुकानाऐवजी परिसरात शोधता येते. माडाच्या झावळ्यांचे कुंपण, भाताच्या पेंढ्याचे छप्पर आणि टाकून दिलेले जुने जाळे यांनी किनाऱ्यावरचे घर उभे राहते. तेच जाळे रंगवून बांबूवर टांगले की रानातील वेलींचा भास होतो. लुगडे घरातील आजीकडे असते आणि ते नेसविण्याची रीतही तिलाच ठाऊक असते. भाड्याच्या दुकानातील तयार ‘कोळी ड्रेस’ या दोन्ही बाबतींत उणा पडतो. मात्र घरची जुनी वस्त्रे वहीत नोंद करून घ्यावीत व प्रयोगानंतर मोजून परत करावीत.

किनाऱ्यावरील दमट हवेत खळ दिलेले कापड पावसाळ्यात बुरशी धरते. त्यामुळे रंगीत पडदा घडी न घालता बांबूवर गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवतात आणि पुढील वर्षी त्यावरच नवा हात देऊन वापरतात.