गाडीचं चाक : मिरवायला की धावायला?

दारात नवी मोटार यायची असली की घरात आठ-आठ दिवस बोलणी चालतात. रंग कोणता घ्यायचा, हप्ता किती बसेल, आजींना चढता-उतरता येईल ना! पण चाकांचा विषय निघाला की बोलणं आपोआप पुरुषमंडळींकडे जातं आणि आपण चहा टाकायला उठतो. मैत्रिणींनो, गाडी विजेवरची असेल तर ह्या वेळी चहा जरा उशिरा टाका. एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल, खड्ड्यात आदळली तर रिम टिकेल की वाकेल, आणि पुढे टायर बदलताना किती पैसे मोजावे लागतील, ह्या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी चाकाच्या मापावर ठरतात.

दुकानात काय होतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. साधा प्रकार कोपऱ्यात उभा असतो आणि मोठ्या चकचकीत चाकांचा महागडा प्रकार दिव्यांच्या झोतात. मोठं चाक दिसतंही रुबाबदार, नाही कशाला म्हणा? पण त्या रुबाबाची किंमत विजेत मोजावी लागते. एक उदाहरण देते. ह्युंदाई कंपनीची ‘आयोनिक ६’ ही मोटार २०२३ साली अमेरिकेत विकायला आली. तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे मोठ्या बॅटरीची ही गाडी १८ इंची चाकांवर ३६१ मैल, म्हणजे सुमारे ५८० किलोमीटर जाते. तीच गाडी २० इंची चाकांवर ३०५ मैल, म्हणजे सुमारे ४९० किलोमीटर. बॅटरी तीच, मोटर तीच, फरक मुख्यतः चाकांचा! मधले नव्वद किलोमीटर गेले कुठे? नव्वद किलोमीटर म्हणजे आपलं जळगाव ते धुळे जवळजवळ, बरं का!

सगळ्याच गाड्यांत इतका मोठा फरक पडत नाही. पण दिशा तीच राहते, आणि त्याची कारणं समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. मोठ्या रिमवर टायर सहसा रुंद असतो. रुंद टायर वारा जास्त कापतो. मोठमोठ्या फटी असलेली नक्षीदार रिम फिरताना हवा घुसळते, ताक घुसळावं तशी! शिवाय मोठी रिम बहुतेक वेळा जडही असते.

आता जडपणाचं जरा नीट समजून घेऊ. ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना हे पटकन कळेल. पहिला फेरा जड जातो, मग ते आपल्या वेगाने फिरत राहतं. गाडीचं चाक तसंच. त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. त्यामुळे चाकाच्या काठाशी असलेलं एक किलो वजन, गाडीला वेग देताना, डिकीतल्या जवळजवळ दोन किलोंएवढं भारी पडतं. म्हणून गावातल्या गावात, दर सिग्नलला थांबत-निघत जायचं असेल तेव्हा हलकं चाक उपयोगी पडतं. विजेची गाडी ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत भरते हे खरं, पण दिलेली सगळी काही परत मिळत नाही.

मात्र हलक्या चाकांची जाहिरात वाचून लगेच पाकीट उघडू नका. समजा, प्रत्येक चाकामागे पाच किलो वाचले. चार चाकांचे वीस किलो झाले. दुपटीने धरले तरी चाळीस. चौदाशे किलोंच्या गाडीत ते कितीसे? आणि धुळ्याच्या हायवेवर एकदा वेग धरला की वजनापेक्षा वारा आणि टायरचं रबर यांचाच हिशेब मोठा. ८० च्या ऐवजी १०० च्या वेगाने गेलात तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. तेव्हा महागडी हलकी चाकं बसवून गाडी शंभरने पिटाळणं म्हणजे गॅस वाचवायला कुकर आणायचा आणि शिट्ट्या मोजायच्याच नाहीत!

‘अहो, पण मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं ना?’ असं कोणी म्हणेल, आणि ते खोटं नाही. आपल्याकडची जुनी बैलगाडी आठवा. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. चाक उंच असायचं म्हणूनच ते काळ्या मातीतल्या चाकोरीतून वर यायचं. पुढे रबरी टायरची गाडी आली आणि बैलांचा ओढ हलका झाला. ह्यातला धडा मोटारीलाही लागू पडतो. चाकाची बाहेरची उंची तेवढीच ठेवायची, पण आतलं लोखंड कमी आणि बाहेरचं रबर जास्त. लहान रिम म्हणजे लहान चाक नव्हे. इथेच बहुतेकांची गफलत होते.

हा हिशेब टायरवरच लिहिलेला असतो. मी शाळेत अर्धा वेळ शिकवते, म्हणून माझ्या डोक्यात तो गणितासारखा बसला आहे. २०२० साली आलेल्या टाटाच्या नेक्सॉन इव्हीचं माप बघा : २१५/६० आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, रुंदीच्या शेकडा किती उंच रबराची भिंत आहे ते, म्हणजे इथे १२९ मिलिमीटर. शेवटचा, रिमचे इंच. सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा. चाकाची पूर्ण उंची आली ६६४ मिलिमीटर. दहावीच्या मुलीला सांगा, ती परिघही काढून देईल. एका फेऱ्यात गाडी दोन मीटर नऊ सेंटिमीटरच्या आसपास पुढे जाते.

आता ह्याच गाडीला कोणी रुबाबासाठी २२५/४५ आर १८ बसवले असं धरू. बाहेरची उंची जवळपास तीच राहते, ६६० मिलिमीटर. पण रबराची भिंत १२९ वरून १०१ मिलिमीटरवर आली. जवळजवळ तीन सेंटिमीटरची गादी गेली! पावसाळ्यानंतर गावातले रस्ते कसे होतात ते तुम्ही जाणताच. तो धक्का आधी रिमला बसतो आणि मग मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंच्या कमरेला. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला तर मात्र ती बदललेलीच बरी. आणि एक सांगते, अलॉय म्हणजे हलकी असंच काही नाही. लहान लोखंडी रिमपेक्षा मोठी अलॉय जड भरू शकते. दुकानदाराला सरळ विचारा, ‘भाऊ, एका रिमचं वजन किती?’ त्याला सांगता आलं नाही तर काट्यावर ठेवायला लावा. भाजी घेताना आपण लाजतो का?

उलट बाजूनेही फसगत होते. रिम लहान केली आणि रबराची भिंत वाढवली नाही, म्हणजे समजा २१५/६० आर १५ घेतला, तर चाकाची उंचीच ६३९ मिलिमीटर होते. साधारण चार टक्के कमी. मग मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी खरी ९६ च धावलेली असते. घरी सगळे खूश, ‘बघा, गाडी जास्त पळते!’ पळत काही नाही, मीटर जास्त पळतंय. शिवाय गाडीचं पोट तेवढं जमिनीला जवळ येतं, आणि विजेच्या गाडीत पोटाखाली बॅटरी असते हे विसरून चालणार नाही. मापात जवळ जायचं तर २१५/६५ आर १५ चा हिशेब जमतो, ६६०. पण कागदावर जमलं म्हणजे गाडीवर बसलं असं नाही. आतल्या ब्रेकला ती लहान रिम घासू शकते.

ह्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा आकडा मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत. मापाच्या पुढे एक दोन अंकी आकडा आणि एक अक्षर असतं. तो आकडा म्हणजे एक टायर किती भार पेलेल त्याची खूण. ९५ म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५, ८२ म्हणजे ४७५. बॅटरीमुळे विजेची गाडी मुळातच जड. त्यात लग्नाला निघालेली पाच माणसं, बॅगा, आणि डिकीत शेतातल्या गव्हाचं पोतं! ९५ च्या जागी ९१ चा टायर बसवला तर चार चाकांची मिळून ३०० किलोंची ताकद कमी झाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा भाराखाली दबलेला टायर किती तापत असेल! पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, हा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नका.

आमच्या ओळखीच्या एका घरी हेच घडता घडता राहिलं. धाकट्या दिरांनी मोठी चाकं ठरवून आगाऊ रक्कमही दिली होती. वहिनींनी जुन्या आणि नव्या टायरवरचे आकडे वहीत लिहून आणले आणि दुकानातच विचारलं, ‘हा भार कमी का?’ नीट उत्तर मिळालं नाही. व्यवहार तिथेच थांबला. दीर दोन दिवस घुश्शात होते, एवढंच.

कायद्याचाही भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत. भलत्या मापाची चाकं बसवली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीच्या हाती आयतं निमित्त मिळेल. कंपनीने कोणती मापं चालवून घेतली आहेत ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरही बहुधा मापं आणि हवेचा दाब लिहिलेला असतो.

म्हणून माझं मत विचाराल तर निवड करायची ती गाडी घेतानाच. एकाच गाडीचे दोन प्रकार असतील आणि खालच्याला लहान रिम असेल तर तिला कमी लेखू नका. टाटाची टियागो इव्ही २०२२ साली आली ती १४ इंची लोखंडी चाकं आणि वर झाकणं घेऊन. एमजीच्या छोट्या कॉमेटची चाकं तर १२ इंचीच! गावात फिरायला त्यांचं काही अडत नाही.

गाडी आधीच घेतली असेल तर नव्या रिमांच्या मागे लागू नका. टायर झिजू द्या. बदलताना त्याच मापाचा, त्याच भाराचा, पण रस्त्यावर कमी विरोध करणारा टायर मागा. फ्रिज-पंख्यांना तारे देणाऱ्या बीईईने टायरसाठीही ताऱ्यांची पट्टी आणली आहे, ती असली तर बघा. बाजूवर चार आकडी शिक्काही शोधा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळे काढलेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको.

आणि हवा! फुकटातलं हे कामही वीज वाचवतं. महिन्यातून दोनदा, सकाळी गाडी हलवण्याआधी दाब बघून घ्या. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडू नका. थंड झाल्यावर तोच टायर कमी भरलेला निघतो.

एक राहिलं. ऑक्टोबर २०२० पासून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असेल तर लहान मोटारीला जादा चाक सक्तीचं नाही. गाडी घेताना डिकी उघडून बघा, चाक आहे की नुसता संच. बाभळीचा काटा किंवा खिळा लागला तर संचातल्या औषधाने काम भागतं. टायरची बाजू कापली गेली तर नाही भागत, आणि भिंत बुटकी असली की बाजूच आधी कापली जाते. रात्री पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठे तरी मुलांना घेऊन उभं राहावं लागू नये म्हणून जादा चाक वेगळं विकत घेता येईल का, हे तिथेच विचारून घ्या. ते इतर चार चाकांच्याच मापाचं आहे ना, तेही बघा.