झरा नकाशावर कुठे असतो?

मंद्रूपसारख्या सपाट मुलखात डोंगरातल्या झऱ्यांवर बोलायचं, म्हणजे जरा उफराटंच. पण जवळच हत्तरसंग कुडलला सीना जिला मिळते, ती भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. डोंगरातल्या पाण्याशी आपला संबंध आहे तो असा.

असा एखादा झरा नकाशावर दाखवायचा, तर नेमकं काय दाखवायचं? पाणी बाहेर येतं ती जागा सोपी. जीपीएसवर अक्षांश-रेखांश मिळतात. मग बादली आणि घड्याळ. 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 15 लिटर. मात्र ही मोजणी मे महिन्यातही करायची. पावसाळा सरताना सगळेच झरे उदार असतात! आणि झरा कधी आटतो, ते पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचं.

पण ही खूण म्हणजे झरा नव्हे. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. भेगाळलेल्या, सच्छिद्र थरातून पाणी खाली उतरतं. खाली घट्ट पाषाण लागला की अडतं, आडवं सरकतं, आणि डोंगराच्या उतारावर तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. म्हणजे पाऊस मुरतो ती जागा वर असते, कधी कधी दुसऱ्याच गावाच्या शिवारात. सिक्कीममध्ये 2008 पासून 'धारा विकास' नावाचं काम झालं, त्यात पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेचाही हात होता. तिथे चर खणले ते झऱ्याच्या तोंडाशी नव्हे, वर मुरण्याच्या जागी.

आता आपला जुना कायदा बघा. महाराष्ट्राच्या 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल-स्रोतापासून 500 मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली. हेतू चांगलाच. पण अंतर मोजलं ते पाणी निघतं त्या जागेपासून. मुरण्याची जागा त्यापलीकडे असेल आणि तिथे कुणी बोअर मारलं, तर खालच्या वाडीचा झरा आटू शकायचा, आणि तो कायदा मोडलेलाही नसायचा. वाडीने तक्रार करायची कुणाकडे, आणि कशाच्या आधारावर? आमच्या मते मुरण्याचं क्षेत्र नकाशावर नोंदलेलं असेल, तरच हातात काही पुरावा राहतो. नुसत्या ठिपक्यांचा नकाशा ही फक्त यादी झाली.

आपण इकडे 'विहिरीला झरा लागला' म्हणतो. तो झरा कुणाच्या रानातून येतो, हे आपण कधी विचारलंय का?