डॉक्टरांचा मदतनीस घडतो कुठे?



पुस्तक वाचून पाभर धरता येत नाही. जाणत्या माणसाबरोबर दोन हंगाम काढले, म्हणजे हात बसतो. दवाखान्यातल्या शिक्षणाचेही तसेच आहे.

‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोगी तपासणारा, शिकलेला मदतनीस. डॉक्टरांची टंचाई पाहून डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिले विद्यार्थी होते नौदलात रोग्यांची सेवा केलेले चार जण.

१९६९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी एक पाऊल पुढे टाकले. विद्यार्थ्यांनी तीन महिने विद्यापीठात शिकायचे आणि मग सुमारे वर्षभर खेड्यांतील डॉक्टरांच्या हाताखाली राहायचे. त्याच डॉक्टरांनी पुढे त्यांना कामावर ठेवावे, अशी योजना होती. जिथे शिकला तिथेच रुजावा, हा त्यामागचा हिशेब.

आज तिकडे अशा विद्यार्थ्याला सुमारे २,००० तास प्रत्यक्ष रोग्यांमध्ये काढावे लागतात. विद्यार्थी वाढले, पण शिकवायला वेळ देणारे डॉक्टर तेवढे मिळत नाहीत. रोप तयार आहे, वाफा नाही, अशी गत! म्हणून जॉर्जिया राज्याने शिकवणाऱ्या डॉक्टरांना करात सवलत दिली आहे.

आपल्या देशात १९९२ साली मद्रासला हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हे शिक्षण सुरू झाले. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने या व्यवसायाची नोंद झाली आहे.

तेव्हा बारावी विज्ञान झालेल्या मुला-मुलीला या शिक्षणाला घालणार असाल, तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि किती तास? शिकवणारे डॉक्टर रोज हजर असतात का? बियाणे घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी आपण पाहतोच ना? मग इथे तर लेकराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

आणखी एक. दवाखान्यात एखादा विद्यार्थी तपासायला आला, तर डॉक्टर जवळ आहेत ना, एवढे विचारून घ्या. मनाला पटत नसेल, तर नको म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण पटत असेल, तर त्याला शिकू द्या. तालुक्याच्या रुग्णालयात अशी मुले शिकली, तरच त्यांतली काही उद्या आपल्या भागात राहतील.