मरुभूमीतील जीव आणि विजेच्या तारा

नागपूर-विदर्भात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या अनेक ओसवाल कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. थरची ती भूमी रुक्ष खरी, पण निर्जीव नव्हे. सन ११५६ मध्ये वसलेल्या जैसलमेरच्या पिवळ्या दगडी किल्ल्यात जिनमंदिरे आणि प्राचीन हस्तलिखितांचे ज्ञानभांडार आहे. फलोदीत मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदले गेले. तरी जवळच्याच खीचन गावी दर हिवाळ्यात मध्य आशियातून हजारो कुरजा, म्हणजे कांड्या करकोचे, उतरतात. तेथील जैन कुटुंबांनी चुग्गाघरात त्यांना दाणे घालण्याची परंपरा जपली. २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा मान लाभला.

याच वाळवंटातील माळढोक मात्र नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. एकेकाळी वरोऱ्याच्या माळावरही दिसणारा हा पक्षी आता देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरला आहे. डोळे बाजूंना असल्याने समोरच्या वीजतारा त्याला वेळेवर दिसत नाहीत. जड शरीरामुळे चटकन वळताही येत नाही. तारा भूमिगत करणे किंवा त्यांवर पक्ष्यांना दिसतील असे फलक लावणे, हे उपाय खर्चाचे आहेत. परंतु सौरऊर्जेत भांडवल घालणाऱ्या व्यापाऱ्याने हा खर्च आधीच जमाखर्चात धरावा. आजच्या काळातील जीवदया तीच होय.