पॅकेट पकडले म्हणजे मजकूर वाचला, असे नाही

दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बल्लारशाहसारख्या जंक्शनवर गाडीची वाट पाहताना मोफत वाय-फाय वापरणाऱ्यांचे दोन ठाम समज असतात. एक, शेजारच्या बाकावरचा लॅपटॉपवाला आपले व्हॉट्सअ‍ॅप वाचू शकतो. दुसरा, साइट ‘एचटीटीपीएस’ असली की कुणाला काहीच कळत नाही. दोन्ही चूक आहेत.

पासवर्ड नसलेले वाय-फाय आपल्या बाजूने डेटावर कुलूप लावत नाही आणि वाय-फाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकले की आसपासची पॅकेटे टिपता येतात, हे खरे. पण व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश फोनमधूनच कूटबद्ध होऊन निघतो. टिपणाऱ्याच्या हाती निरर्थक बाइट येतात. उघडे राहते ते वरचे: कुठून कुठे, किती वाजता, किती बाइट. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निघालेल्या ट्रकची ताडपत्री न उचलताही बिल्टीवरून बरेच कळते, तसेच हे. शिवाय साइटचे नाव विचारणारी डीएनएसची विचारणा बहुधा उघडीच जाते आणि सुरक्षित जोडणीच्या पहिल्या संदेशातही ते नाव सहसा वाचता येते. म्हणजे तुम्ही कोणत्या आजाराबद्दल वाचलेत ते झाकले जाईल, पण कोणत्या रुग्णालयाची साइट उघडली ते नाही. मला हीच गोष्ट जास्त गंभीर वाटते.

गैरसमज: वायरशार्क टाकले की अख्ख्या ऑफिसची वाहतूक दिसते.

नाही. जेराल्ड कोम्ब्स यांनी 1998 मध्ये ‘इथरियल’ नावाने आणलेले, 2006 पासून वायरशार्क म्हणून ओळखले जाणारे हे सॉफ्टवेअर तुमच्या कार्डापर्यंत आलेलेच दाखवते. आजचा स्विच प्रत्येकाची पॅकेटे त्याच्याच पोर्टवर पाठवतो. इतरांची हवी असतील, तर स्विचवर पोर्ट मिररिंग लावावे लागते.

गैरसमज: जितके जास्त टिपाल तितके चांगले.

100 एमबीपीएसची भरलेली लाइन तासाभरात सुमारे 45 जीबी ओतते. त्यात शोधायचे काय, हे आधी ठरवावे लागते. समजा, बिलिंगचा संगणक रखडतो. जोडणी मागणारे ‘सिन’ पॅकेट पुन्हा पुन्हा जाते आणि उत्तर येतच नाही, तर सर्व्हर, फायरवॉल किंवा वाट तपासा. उत्तर लगेच येते, पण पुढचा डेटा वारंवार पाठवावा लागतो, तर वायर किंवा वाय-फाय पाहा. डीएनएसचेच उत्तर उशिरा येत असेल, तर सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही.

जे यायला हवे ते आले नाही, हेही पाहावे लागते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून अधिक रुपये गेले. चोरांच्या बनावट पेमेंट स्विचने एटीएमच्या विचारणांना परस्पर मंजुरी दिली; त्या विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचल्याच नाहीत. नेहमीची वाहतूक ठाऊक असल्याशिवाय असा अभाव ओळखू येत नाही.

राहिला कायदा. वायरशार्कसारखे साधन बाळगणे गुन्हा नाही. पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमधून डेटा काढणे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये येते. तेच अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिकायचे असेल, तर स्वतःच्याच लॅपटॉपवर, घरच्या जोडणीवर सुरुवात करा. ब्राउझर बंद ठेवा, वायरशार्क सुरू करा आणि फिल्टरमध्ये ‘डीएनएस’ एवढेच द्या. तुम्ही काहीही उघडलेले नसताना कोणकोणती नावे विचारली जात आहेत, ती वहीत उतरवा आणि प्रत्येक नावामागचा प्रोग्राम शोधा.