फाशीचा जंतू मातीत वर्षानुवर्षे कसा टिकतो?

रात्री धडधाकट दिसलेली गाय सकाळी मेलेली आढळते. नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असते. ही फाशी म्हणजेच अँथ्रॅक्स या रोगाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी कातड्याचे चार पैसे सुटावेत म्हणून जनावर सोलण्याचा मोह होतो. तो का टाळावा, हे पाहू.

न फाडलेल्या शवातील बहुतेक जंतू कुजण्याच्या क्रियेत काही दिवसांत मरतात. शव फाडले की मात्र त्यांना हवा मिळते व ते बीजाणू तयार करतात. स्कॉटलंडच्या ग्रुईनार्ड बेटावर 1942 साली या जंतूंच्या युद्धचाचण्या झाल्या. 1986 मध्ये जमिनीवर फॉर्मल्डिहाइड फवारावे लागले आणि बेट सुरक्षित ठरायला 1990 साल उजाडले.

हा चिवटपणा कोठून येतो? अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. पीटर सेटलो यांनी याच प्रश्नाचा अनेक दशके अभ्यास केला. आर्थर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम करून ते 1971 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात आले. प्रयोगांसाठी त्यांनी मुख्यतः फाशीच्या जंतूचे निरुपद्रवी भाईबंद वापरले. आपण बियाणे वाळवून ठेवतो, तसे बीजाणूच्या गाभ्यात पाणी फार कमी असते. तेथे कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल साठलेले असते. लहान लहान प्रथिने आनुवंशिक द्रव्याला लपेटून उष्णतेपासून व अतिनील किरणांपासून जपतात. बीजाणू रुजला की हीच प्रथिने मोडून तो अन्न म्हणून वापरतो आणि त्याचा चिवटपणा संपतो. फाशीचा बीजाणू असा रुजतो तो जनावराच्या शरीरात.

म्हणजे मातीत गेलेला बीजाणू मारणे आपल्या हाती नाही. तो तयार होऊ न देणे आहे. यासाठी :

1. संशयित शव फाडू नका, सोलू नका, मांस खाऊ नका.
2. त्वरित पशुवैद्यकास कळवा. रक्ताचा नमुना त्यांनाच घेऊ द्या.
3. कुत्री, गिधाडे शवाजवळ येऊ देऊ नका.
4. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली शव जाळा किंवा विहीर, ओढा व चराऊ रानापासून दूर खोल पुरा. रक्ताने माखलेला चारा जाळा.
5. रोग पूर्वी आढळलेल्या गावात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्या.

एका कातड्याच्या मोहापायी गावाचे गायरान पिढीभर धोक्यात घालू नका.