मधुमेह आणि उद्याचे आयुर्मान

१९७०-७५ या काळात भारतीयांचे सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षे होते. २०१६-२० या काळात ते ७० वर्षांवर पोहोचले. मात्र याच देशात मधुमेहही पसरत गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर वीस वर्षांवरील दर शंभर माणसांमागे २६ जणांना हा रोग आढळला. मग उद्या या रोगामुळे आपले आयुर्मान घटेल काय? शास्त्रज्ञ याचा अंदाज कसा बांधतात, ते आपण पाहू.

प्रथम सरासरी आयुर्मान म्हणजे काय, ते समजून घ्या. ज्यांच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे, त्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील मृत्यूच्या नोंदींवरून एक कोष्टक तयार केले होते. आजची पद्धत त्याच जातीची आहे. एकाच दिवशी जन्मलेली एक लाख बालके कल्पनेने घ्यायची. आज प्रत्येक वयात जितके मृत्यू होतात, त्याच प्रमाणात ती दरवर्षी कमी होत जातील असे मानायचे. सर्वांनी मिळून जगलेल्या वर्षांची बेरीज करून तिला एक लाखाने भागले, की सरासरी आयुर्मान मिळते.

१९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. २०२२ साली ही संख्या २६ वर आली. एक बालक वाचले, की बेरजेत साठ-सत्तर वर्षांची भर पडते. मधुमेह प्रौढ माणसाची काही वर्षे हिरावून घेतो. म्हणून आयुर्मानाचा आकडा चढत असतानाही मधुमेहाने केलेले नुकसान त्यात झाकले जाते. बालमृत्यू जसजसे कमी होतील, तसतसे प्रौढांच्या रोगांचे वजन या आकड्यात वाढत जाईल.

मधुमेहाने किती वर्षे जातात? मृत्यूच्या दाखल्यांवरून हे कळत नाही. रक्तातील जादा साखर वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांना इजा करते. त्यातून हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचे रोग उद्भवतात. दाखल्यावर बहुधा त्यांचेच नाव लागते. म्हणून मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या मृत्युदरांची तुलना करावी लागते. १९ संपन्न देशांतील सुमारे १५ लाख लोकांची अशी तुलना २०२३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील मृत्युदर धरले, तर पन्नाशीत मधुमेहाचे निदान झालेला माणूस सरासरी ६ वर्षे आधी मरण पावतो. निदान चाळिशीत झाले तर १० वर्षे, आणि तिशीत झाले तर १४ वर्षे जातात.

आता वही घ्या. एका कल्पित गावात शंभर प्रौढ माणसे आहेत. मधुमेह नसेल तर ती सरासरी ८० वर्षे जगतात, असे समजा. त्यांतील २० जणांना पन्नाशीत मधुमेह झाला. गेलेली वर्षे २० × ६ = १२०. शंभरांत वाटली तर प्रत्येकी १.२ वर्षे. सरासरी ७८.८ झाली.

पुढच्या पिढीत ४० जणांना तो पन्नाशीत झाला, तर सरासरी ७७.६ होईल. त्या ४० जणांना तो चाळिशीतच गाठेल, तर प्रत्येकाची १० वर्षे जातील आणि सरासरी ७६ वर उतरेल. पण रोगी ४० असूनही तो पन्नाशीत झाला आणि चांगल्या उपचारांनी नुकसान तीनच वर्षांवर आले, तर? ४० × ३ = १२०. सरासरी पुन्हा ७८.८! रोगी दुप्पट, पण आयुर्मान जैसे थे.

येथे एक चूक टाळा. आजच्या मधुमेहाचे नुकसान आजच्या आकड्यात आधीच धरलेले असते. ते पुन्हा वजा करायचे नसते. भविष्यासाठी फक्त होणारा बदल मोजायचा.

हे उदाहरण फार सोपे केलेले आहे. खरे गणित प्रत्येक वयासाठी वेगळे मांडावे लागते. पण त्याचा गाभा हाच : किती जणांना, कोणत्या वयात, आणि उपचार कसे. या तीन आकड्यांवर उत्तर ठरते. म्हणून असा अंदाज ज्योतिषाचे भाकीत नव्हे. ‘असे झाले, तर तसे होईल’ एवढेच तो सांगतो. ‘असे’ बदलले, की ‘तसे’ही बदलते.

याचा पुरावा चीनमधील दाचिंग शहरात मिळाला. तेथे १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर प्रयोग सुरू झाला. काही गटांना सहा वर्षे योग्य आहार, व्यायाम किंवा दोन्हींचे मार्गदर्शन दिले. एका गटाला दिले नाही. तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह जवळजवळ चार वर्षे लांबला होता आणि त्यांचे आयुष्य सरासरी सुमारे दीड वर्षाने वाढले होते.

वरील कोष्टक वर्गात फळ्यावर मांडा. आकडे बदलून पाहा : मधुमेह पाच वर्षे लांबला तर काय होईल? रोगी निम्मे झाले तर? २०५० सालच्या कोष्टकात चाळिशीच्या रकान्यात असतील ती माणसे म्हणजे आजचे तुम्हीच विद्यार्थी आहात. त्या रकान्यातील आकडे अजून लिहिले गेलेले नाहीत.